उघाडीशेजारची खांड

गेल्या पावसाळ्यात नारळी पौर्णिमेच्या दुपारी, भरतीच्या वेळी, पेण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावाचा बाहेरचा बांध फुटला. खाडीचे पाणी उभ्या भातात शिरले आणि त्यानंतर प्रत्येक भरतीला शिरत राहिले. माणसे आणि गुरे वाचली. पीक गेले.

बांध का फुटला याची तीन उत्तरे मला तिथे पोहोचण्याआधीच मिळाली होती. सरकारी उत्तर होते, उधाण. गावाचे उत्तर होते, जमीन स्वस्तात मिळावी म्हणून कोणीतरी फोडला. फोनवर बोललेल्या एका दलालाचे उत्तर होते, भरपाईसाठी गावकऱ्यांनीच फोडला. ज्याचे त्याचे उत्तर ज्याला त्याला सोयीचे होते. पौषात मी पेणला गेलो. या मजकुरात गावाचे नाव दिलेले नाही आणि माणसांची नावे बदलली आहेत.

पेण

बांधांची देखभाल ज्या कार्यालयाकडे आहे तिथल्या एका अभियंत्याने वेळ दिला.

"उधाण आलं, त्यात वारा. बांध मातीचा. गेला," ते म्हणाले.

"शेजारच्या गावांचे बांध?"

"ते राहिले."

"उधाण तर तेच होतं."

"उधाण तेच होतं," त्यांनी मान्य केले आणि चहा मागवला. दुरुस्तीचा एक प्रयत्न झाला होता, असे त्यांनी सांगितले. दिवाळीनंतर ठेकेदाराने पोकलेन पाठवला. तो बांधापर्यंत पोहोचण्याआधीच चिखलात साखळीपर्यंत रुतला. त्याला काढायला दुसरा आणला, तोही रुतला. दोन्ही बाहेर निघाले तेव्हा ठेकेदाराने काम सोडले होते.

निघताना ते म्हणाले, "तुम्ही जाऊन बघाच. काय दिसलं ते मलाही सांगा."

जागेवर न गेलेला माणूस असे बोलतो. जागेवर जाऊन आलेला आणि सांगायचे नसलेला माणूसही असेच बोलतो.

मी पुण्याकडचा. आमच्याकडे बांध म्हणजे दोन भावांच्या शेतांमधली हद्द, आणि शेतात पाणी यावे म्हणून भांडणे होतात. पेणच्या खाडीपट्ट्यात बांध ही भात आणि समुद्र यांच्यामधली हद्द आहे, आणि सगळी खटपट पाणी येऊ नये म्हणून आहे. ही जमीन मुळात खाडीची. माणसांनी मातीचा बांध घालून ती तिच्याकडून घेतली आणि पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन तिथे भात पिकवला. बांधाला भगदाड पडते त्याला इथे खांड म्हणतात. खांड बुजली नाही तर जमीन पुन्हा खाडीची होते.

गडबच्या पुढे

गडबला महामार्गावरच्या एका टपरीवर वडापाव खाल्ला. टपरीवाल्याने माझ्या बुटांकडे पाहिले.

"जागा बघायला आलाव?"

"नाही. बांध बघायला."

"तेच ते," तो म्हणाला आणि सुटे पैसे मोजून हातावर ठेवले.

आतल्या रस्त्याने जाणारी रिक्षा भरेपर्यंत थांबली. गावात उतरलो तेव्हा पहिल्या दोन घरांची दारे उघडी होती, पण बोलायला कोणी आले नाही. तिसऱ्या घराच्या ओट्यावर एक बाई चिंबोऱ्यांच्या नांग्या सुतळीने बांधत बसल्या होत्या. त्या सुनंदाताई, पन्नाशीच्या. नवरा नागोठण्याच्या बाजूला कंपनीत ठेक्यावर, शिफ्टने जातो. त्यांचे शेत बरोबर खांडीच्या तोंडाशी आहे.

"फोटो काढा नि जा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "सगळे तेच करतात."

"फोटो काढायचे नाहीत. बांध कसा फुटला ते विचारायचंय."

"कोनाला?"

"तुम्हाला."

"मला काय विचारता! मी काय बांध हाय?"

शेजारच्या अंगणातून हसणे ऐकू आले. "जा गो सुनंदा, दाखव त्याला," तिथली म्हातारी म्हणाली. "कंपनीचा असंल तर चिखलात ढकल."

सुनंदाताईंनी हात धुतले आणि निघाल्या.

शेतात पाय ठेवल्याबरोबर माझा डावा बूट चिखलात राहिला. मी तो काढायला वाकलो, तर उजवाही गेला.

"बूट ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "आधी पाय काढा."

परत येताना बूट मिळाले, पण पुढचा सगळा मुक्काम मी गावात घेतलेल्या रबरी चपलांवर काढला.

जिथे भाताच्या पेंढ्या उभ्या राहिल्या असत्या तिथे राखाडी चिखल होता. त्यात बुडालेल्या भाताचे बुडखे कुजून काळे पडले होते आणि उंचवट्यांवर मिठाची पांढरी साय धरली होती. निवट्या, चिखलावर सरपटणारे छोटे मासे, उड्या मारत होत्या. बगळे भरपूर होते, आणि त्यांच्यामागे लांब वाकड्या चोचीचे पक्षी, जे पूर्वी बांधाच्या आत कधी येत नसत असे सुनंदाताई म्हणाल्या. मधोमध, नांगराच्या जुन्या तासांत, तिवराची रोपे उगवली होती. भरतीबरोबर बिया येतात आणि तासात अडकतात. त्यामुळे रोपे एका ओळीत होती. कोणी लावली असावीत अशी दिसत होती.

"आता गुडघ्याला हायेत," त्या म्हणाल्या. "अजून एक पावसाला पानी आत ऱ्हायलं तर डोक्यावर जातील. मग हे शेत नाय, रान. त्याला हात लावला तर गुन्हा."

तिवर आणि त्याच्या जातीची खाडीतली झाडे तोडायला कायद्याने बंदी आहे. बंदीमागचे कारणही खरे आहे, कारण हीच झाडे किनारा धरून ठेवतात. पण सुनंदाताईंच्या दृष्टीने हिशेब सरळ होता. खांड येत्या पावसाळ्याआधी बुजली तर शेत राहील, नाहीतर जाईल.

गावात सगळ्यांना ती बुजायला हवी होती का, याचीही मला खात्री नव्हती. आतल्या पाण्यात आता चिंबोऱ्या मिळतात, बोईट मासा मिळतो. ज्यांचे शेत उंचावर आहे त्यांना हा नवा बाजार झाला आहे. सुनंदाताई स्वतः तेच विकत होत्या. मी ते बोलून दाखवले.

"माझ्याच शेतातल्या हायेत," त्या म्हणाल्या. "भाताच्या बदली खेकडे. वशिला लावलाय ना मी खाडीकडं!"

बांधावर

खांडीची रुंदी एक एसटी आडवी जाईल एवढी होती. ओहोटीला तिच्यातून पाणी बाहेर ओढले जात होते आणि कडेची माती सुटून पडत होती.

मी आधी खाडीच्या वळणाकडे पाहिले. उधाणाची लाट जिथे समोरून आपटते ती जागा खांडीपासून बरीच लांब आहे. तिथला बांध शाबूत होता. फुटला होता तो उघाडीला लागून, आतल्या बाजूच्या शांत पाण्याजवळ.

उघाडी म्हणजे बांधातला दगडी दरवाजा. त्याला लाकडी झडप असते. भरती आली की बाहेरचे पाणी झडपेला दाबून बंद करते. ओहोटी झाली की शेतातले पाणी ती ढकलून बाहेर जाते. माणसाला काही करावे लागत नाही. इथली झडप अजून जागेवर लटकत होती. तिची खालची कडा एकाच ठिकाणी खोल झिजली होती. समोरच्या दगडी चौकटीवर तेवढ्याच उंचीवर तशीच खाच होती. मधे काहीतरी पुष्कळदा अडकवल्याशिवाय अशा खाचा पडत नाहीत.

"हे काय?" मी विचारले.

सुनंदाताईंनी खाडीकडे पाहिले. "जुनी झालीय झडप."

तेवढ्यात नामादादा आले. साठीचे, खांद्यावर टॉवेल. उघाडीवर लक्ष ठेवायचे काम गावाने त्यांच्याकडे दिलेले आहे. मी बांधावर चढल्यापासून ते झाडाआडून पाहत होते, हे मला त्यांच्या पहिल्याच प्रश्नावरून कळले. "वळनाकडं कशाला बघत व्हताव?"

त्यांनी जेवायला बोलावले. नकार दिला असता तर संशय वाढला असता, म्हणून गेलो. घरामागे तळे होते. या पट्ट्यात बहुतेक घरांमागे असते. त्यात जिताडे, खाडीतले मोठे मासे, पाळतात. पिल्लू खाडीतून आणायचे, छोटी मासळी खायला घालून वर्ष-दोन वर्षे वाढवायचे. जावई, लग्न, साहेब, जो मोठा असेल त्याच्यासाठी तळ्यातून जिताडा निघतो. त्या दिवशी माझ्यासाठी निघाला नव्हता. शिळे कालवण होते, तांदळाची भाकरी आणि कांदा. कालवण उत्तम होते.

"पिल्लं कुठून आणता?" मी विचारले.

"खाडीतून."

"कशी?"

"येतात."

"येतात म्हने!" सुनंदाताई दारातून म्हणाल्या. "चालत येतात. रस्ता विचारत."

नामादादा हसले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच सांगितले. पावसाळ्याच्या सुरुवातीला पिल्ले खाडीच्या तोंडाशी येतात. त्या वेळी भरतीला झडपेत लाकडाचा ठोकळा घालून ती थोडी उघडी ठेवायची. पाण्याबरोबर पिल्ले आतल्या नाल्यात येतात आणि तिथे जाळ्यात सापडतात. हे आजोबांपासून चालत आले आहे. थोडे खारे पाणी आत येते ते पावसाने धुऊन जाते. पूर्वी दोन-चार भरत्यांत गावाला पुरतील एवढी पिल्ले मिळत. आता मिळत नाहीत.

"का?"

"कंपनी. पानी बिघडलंय. नि बार्ज जातात, त्यानं तळ ढवलतो."

या भागात कंपनी या शब्दावर चौकशी संपते. पाणी कोणी तपासले का, असे मी विचारले. कोणी तपासल्याचे त्यांना माहीत नव्हते. मलाही नंतर तसा अहवाल मिळाला नाही. खाडी उथळ झाली आहे एवढे ओहोटीला डोळ्यांनी दिसते. कशामुळे, हे मी लिहू शकत नाही.

पिल्ले कमी झाली म्हणून ठोकळा जास्त भरत्यांना राहू लागला. मग घराघरांत पाळी लागली. ज्याची पाळी त्याने ठोकळा घालायचा, पिल्ले घ्यायची आणि मोठे उधाण येण्याआधी ठोकळा काढायचा. अरुंद फटीतून जोराने शिरणारे पाणी उघाडीच्या खांद्याची माती आतून खात राहिले. वरून बांध तसाच दिसत होता.

"नारळी पौर्णिमेला ठोकळा आत होता?"

"समदं गाव नारळ सोडायला गेलं व्हतं," नामादादा म्हणाले.

"पाळी कोणाची होती?"

त्यांनी भाकरीचा तुकडा ताटाच्या कडेला ठेवला. "तुमी रोह्याच्या सरांना विचारा. बांधाला लागून जमीन त्यांची. इकायची त्यांना हाय. बांध फुटला तर कोनाचं भलं, ते बघा."

वरसे

हे सर रोह्याच्या एका शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. गावातली बरीच जमीन पूर्वी त्यांच्या घराण्याची होती. आता उघाडीजवळचा एक उंच तुकडा उरला आहे. खांड बुजवण्याचे सगळे अडले होते ते त्या तुकड्यावर. यंत्र चिखलात उभे राहत नाही, तेव्हा काम हातानेच व्हायला हवे. त्यासाठी जुनी रीत आहे, तिला जोळ म्हणतात. घरटी एक माणूस बांधावर येतो आणि मातीचे गोळे हातोहात पुढे जातात. पण भिजलेली माती पाण्यात विरघळते. घट्ट, कोरडी माती आता फक्त सरांच्या तुकड्यात होती, आणि सरांनी फोनवर नाही म्हटले होते.

मी रोह्याला निघालो तेव्हा सुनंदाताई बरोबर यायला तयार झाल्या. नामादादांनी गुडघे दुखतात म्हणून सांगितले.

"नारळी पौर्णिमेला नाचताना दुखत नव्हते," सुनंदाताई म्हणाल्या. नामादादा घरात गेले.

रोह्याला एसटीतून उतरलो तेव्हा कुंडलिका वाहत होती. पौषात, ज्या महिन्यात आमच्याकडच्या नद्यांत फक्त सांडपाणी असते, त्या महिन्यात ही नदी काठ भरून जाते. हे पाणी तिचे नाही. वर घाटाच्या माथ्यावर धरणे आहेत. वीज करून झालेले पाणी रोज खाली सोडतात. सोडले की नदी चढते, थांबवले की उतरते. काठावर कपडे धुणाऱ्या बाया त्या वेळा पाठ असल्यासारख्या उठत होत्या. खाली औद्योगिक वसाहत, तिच्या खाली खाडी. सुनंदाताईंनी पुलावरून बराच वेळ पाहिले.

"हिला बांध नाय?"

"वर आहे."

"मग हिची पाळी कोन ठेवतो?" त्यांनी विचारले.

वरसे हे रोह्याला चिकटलेले गाव. चार मजली इमारतींच्या मधे अजून एखादे भातशेत पडून आहे, प्लॉट विकण्याच्या पाटीसह. सर दुसऱ्या मजल्यावर राहतात. दार उघडल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले.

"हे कोण? वकील?"

"पेपरवाले हायेत, सर."

"म्हणजे तेच."

त्यांनी बसवले, पाणी दिले आणि सरळ मुद्द्यावर आले. "जमीन मला विकायची आहे, खरं आहे. पण चहूकडून खारं पाणी आलेली जमीन कोण घेणार? कडेने तिवर उगवला की ती मलाही विकता येणार नाही. मी बांध फोडीन कशाला?"

"मग माती का देत नाही?" मी विचारले.

"कारण यांच्यावर माझा विश्वास नाही. बांधासाठी म्हणून खणतील, खड्डा मोठा करतील, तळं होईल आणि त्यात जिताडे सोडतील. पुढच्या वर्षी मला माझ्याच जमिनीतला जिताडा आणून देतील, वर उपकार."

सुनंदाताईंना हसू आले. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"हसू नकोस. दर वर्षी गणपती झाले की नामदेव एक जिताडा घेऊन येतो. वडिलांच्या वेळेपासूनचा मान. यंदा दोन आणले. मी विचारलं, दोन कशाला? म्हणाला, राहू द्या. मला तेव्हाच संशय यायला हवा होता."

मग सर सुनंदाताईंकडे वळले. "मातीला माझी ना नाही. पण आधी खरं सांग. उधाण नव्हतं, दलाल नव्हता, हे मला कळतं. मी चाळीस वर्षं मुलांच्या थापा ऐकल्यात. झडपेत लाकूड होतं की नाही?"

"व्हतं."

"कोणी ठेवलं?"

सुनंदाताईंनी पदर सोडला. "आमी. त्या दिवशी माज्या घराची पाळी व्हती. नारळ सोडायला गेलो नि ऱ्हायलं."

सरांनी त्यांच्याकडे पाहिले. शिक्षक ज्या नजरेने पाहतो त्या नजरेने. "तुझं शेत तर पहिलं बुडालं."

"व्हय."

"मी येतो," सर म्हणाले. "किती खणता ते उभा राहून बघणार आहे. कमरेखाली खड्डा गेला की काम बंद."

परतीच्या एसटीत मी सुनंदाताईंना विचारले, पाळी खरेच तुमची होती का. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "माती भेटली ना?" त्या म्हणाल्या.

पुन्हा बांधावर

जोळ माघातल्या अष्टमीला झाली. अमावास्या-पौर्णिमेच्या मधल्या या दिवसांत भरती कमी असते, आणि खांडीत उतरता येते. मी आदल्या संध्याकाळी पोहोचलो. नांगी बांधलेल्या चिंबोऱ्यांची टोपली सुनंदाताईंच्या ओट्यावर होती, पण त्या घरी नव्हत्या. घरोघर जाऊन उद्या कोण येणार ते विचारत होत्या. दोन घरांनी नाही म्हटले. दोन्ही घरांची शेते उंचावर आहेत.

सकाळी ओहोटी लागल्यावर रांग उभी राहिली. सरांच्या तुकड्यातून कुदळीने माती निघत होती, तिचे गोळे होत होते आणि हातावरून पुढे जात होते. खांडीत बांबू ठोकून मधे पेंढा दाबलेला होता. सर गुडघ्यापर्यंतचे बूट घालून, हातात काठी घेऊन खड्ड्याच्या कडेला उभे होते. मधूनमधून ते काठी आत सोडून पाहत.

"सर, माप बरोबर हाय का?" रांगेतून कोणीतरी ओरडले.

"तू गोळे मोज. माप मी बघतो."

खांडीच्या सर्वांत खोल जागी, छातीएवढ्या पाण्यात, सकाळपासून नामादादा होते. त्यांना बदली द्यायला दोघे आले, पण ते बाहेर आले नाहीत. दुपारी पाणी प्यायला चढले तेव्हा मी त्यांना विचारले, त्या दिवशी पाळी कोणाची होती.

"सुनंदानं सरांना सांगितलं ना?"

"सांगितलं."

"मग झालं," ते म्हणाले आणि परत उतरले.

रांगेतल्या एका बाईने सांगितले की नारळी पौर्णिमेला सुनंदा गावात नव्हतीच, गडबला भावाला राखी बांधायला गेली होती. तिच्या पुढची म्हणाली, भाऊच इकडे आला होता. सुनंदाताईंच्या नवऱ्याची त्या दिवशी शिफ्ट होती. पाळी कोणाची होती, याची खात्री मला करता आली नाही.

खांड एका दिवसात बुजली नाही. पुढचे दोन दिवस काम चालले. सरांचा खड्डा कमरेपर्यंत गेला आणि थांबला. जी दोन घरे आली नव्हती त्यांतल्या एकाने शेवटच्या दिवशी माणूस पाठवला. उघाडीची झडप नवी बसवली. जुनी नामादादांच्या अंगणात पडली होती. पुढच्या पावसाळ्यात पिल्ले कशी आणायची, हा विषय कोणी काढला नाही.

माघ पौर्णिमेच्या दुपारी भरतीचे पाणी नव्या मातीला लागले आणि उतरले. आत आले नाही. सुनंदाताईंच्या शेतात त्या वेळी तिवराची रोपे उभी होती. ती काढता येतील की नाही, याचे उत्तर हा मजकूर लिहीपर्यंत त्यांना मिळालेले नव्हते.